जोडीला निरोगी माणूस

“तुमच्याच वयाचा, तुमच्याइतकाच शिकलेला एक निरोगी माणूस जोडीला पाहिजे, काका,” सृष्टी म्हणाली, आणि तिनं चहाचा कप उचलायच्या आत पद्मा म्हणाली, “हैत की आमचे भावजी.”

एवढंच झालं. याला काही घडणं म्हणत नाहीत. पण तिची ती घाई माझ्या मनाला लागली. माझी बायको तशी विचार करून बोलणारी बाई आहे. भाजीवालीनं भाव सांगितला तरी ती जरा थांबते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, मग तोंड उघडते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दलच्या कुठल्या प्रश्नाला तिनं इतकं चटकन उत्तर दिलं असेल तर मला ते आठवत नाही, आणि माझी आठवण कशी आहे हे बघायलाच तर ही पोरगी आली होती. निरोगी माणूस म्हटलं की वैजनाथ, माझा धाकटा भाऊ. हे दोन शब्द तिच्या मनात शेजारी शेजारी ठेवलेले होते, केव्हापासून ते कोण जाणे. मी दोघींकडे रोखून पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. या पार्किन्सनला लोक कंपवात म्हणतात, हात थरथरतो म्हणून, पण माझं तोंड त्यानं हाताच्याही आधी धरलं. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, राग-लोभ बाहेर दिसत नाही. इस्त्री मारल्यासारखा चेहरा घेऊन मी दिवसभर खुर्चीत बसतो, आणि लोकांना वाटतं की आतही इस्त्रीच मारलेली असेल. म्हणून माझ्यासमोर ते काहीही बोलतात. मी जळत असतो आणि पद्मा विचारते, पंखा वाढवू का.

सृष्टी सेनगावकडची. विद्यापीठात पीएचडी करते. परदेशात बनलेली एक चाचणी तिनं आणि तिच्या मॅडमनी मराठीत आणली होती. कंपवात झालेल्या माणसाचं लक्ष, आठवण, हिशेब नीट चालतो का, हे त्यातून कळतं म्हणे. पण तिकडची चाचणी इकडच्या माणसाला बराबर मोजते का, हे आधी ठरायला पाहिजे. त्यासाठी आजारी माणसं पाहिजेत आणि प्रत्येकाच्या जोडीला तशीच, पण धडधाकट माणसं पाहिजेत. “तुमची परीक्षा नाही काका,” ती मला लेकरासारखं समजावत होती, “चाचणीचीच परीक्षा आहे.” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली. परीक्षा कुणाची असते ते मला कुणी सांगायला नको.

वैजनाथ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. एकच शाळा, एकच डी.एड. कॉलेज, नोकरीही एकाच तालुक्यात. तो केंद्रप्रमुख झाला, मी शिक्षकच राहिलो. आता हिंगोलीत आमची घरं एकाच कॉलनीत, मागच्यापुढच्या गल्लीत, आणि आमच्या गावची, साखऱ्याची शेती तो एकटा बघतो. सकाळी मोटरसायकलला किक मारतो तो आवाज मला बिछान्यात ऐकू येतो, आणि माझा पाय चादरीखाली कशासाठी तरी हलायला बघतो. लोकांना वाटतं मी त्याच्या बढतीवर जळतो. बढतीचं मला काही नाही. माझं दुखणं असं की त्यानं कधी मला जळायला धड कारणच दिलं नाही. माझ्या आधी तो जेवायला बसला नाही. मी मोटरसायकल घेईपर्यंत सायकलवर फिरला. केंद्रप्रमुखाची ऑर्डर आली तेव्हा पेढ्यांआधी ऑर्डरच माझ्या पायावर ठेवली आणि म्हणाला, दादा, तुमी म्हणत असाल तर घेतो, न्हाईतर राहू द्या. धाकट्यानं थोरल्याच्या पुढं पाऊल टाकू नये ही आमच्या घरची रीत, आणि त्यानं ती इतकी पाळली की सगळ्या गावानं म्हणावं, भाऊ असावा तर असा. मोठा भाऊ असावा तर असा, हे मात्र कुणी म्हणालं नाही. मागं राहण्यातही तो माझ्या पुढंच होता. आजार आला तसा तो आणखी पुढं गेला. दारात माझे पाय जमिनीला चिकटले की तो आपला पाय माझ्या पायापुढं आडवा धरतो आणि म्हणतो, “वलांडा दादा, लाजू नका.” मी ओलांडतो आणि चालायला लागतो. पद्मा मागून म्हणते, भावजींनाच बाई जमतं हे.

चाचणीच्या दिवशी तो शेतातून थेट आला. हळद काढणं चाललं होतं, त्याचे हात मनगटापर्यंत पिवळे. आमच्या बैठकीत आणि आतल्या खोलीत दार नाही, नुसता पडदा आहे. सृष्टी म्हणाली, दोघांनी एकमेकांचं ऐकायचं नाही, म्हणून पद्मानं त्याला आत बसवलं, पडदा ओढला, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. सृष्टीनं मला पाच शब्द वाचून दाखवले, कोपर, चादर, कंदील, बाभूळ, जांभळा, आणि म्हणाली, हे मी नंतर विचारणार आहे. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. माझं फळ्यावरचं अक्षर बघायला एकेकाळी दुसऱ्या शाळेचे मास्तर येत. आता मी मनात ताटाएवढा गोल धरला आणि कागदावर टिकलीएवढा उतरला. त्यात बारा आकडे कोंबताना मला घाम फुटला. जनावरांची नावं सांगितली, हळूहळू पण बरीच. शंभरातून सात-सात वजा करत गेलो. शेवटी पाचातले तीन शब्द सापडले. सृष्टी “छान” म्हणाली. ती सगळ्यांनाच छान म्हणत असणार.

मग मी आत गेलो आणि तो बाहेर. मी पलंगावर आडवा झालो, डोळे मिटले, आणि कान उघडे ठेवले. त्याचं घड्याळ मला दिसलं नाही. जनावरं ऐकू आली. गाय, बैल, म्हैस, शेळी. मग थांबला. कुत्रं, म्हणाला. मग पुन्हा गाय. घड्याळाची टिकटिक त्याच्या आणि माझ्या मध्ये चालू राहिली. मी उशीवरून मान उचलली. शब्दांच्या वेळी तो म्हणाला, “कोपर. चादर.” आणि बराच वेळ काहीच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, हे मी कशाला लपवू. मी तीन, तो दोन. त्या दिवशी मी भाकरी कुस्करून पोटभर जेवलो, हात थरथरला तरी वाटीतलं वरण सांडू दिलं नाही, पद्माला म्हणालो की ही चाचणी चांगली आहे, पोरीनं भाषांतर मन लावून केलंय. कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली. निरोगी माणूस म्हणून त्याला आणलं आणि रोगी पुढं गेला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, माझा पीळ तर त्या दिवशी नव्यानं वळला गेला.

हे सुख मला आठवडाभर मिळालं. मग सृष्टीचा फोन आला, पद्माला. वैजनाथकाकांचे गुण असायला पाहिजेत त्यापेक्षा कमी आलेत, त्यांना अलीकडं विसरायला होतं का, एकदा दाखवून घ्याल का. पद्मानं ऐकून घेतलं आणि ती खदखदून हसली. “अगं पोरी,” ती म्हणाली, “तुला आमचे भावजी माहीत न्हाईत. दादाच्या पुढं कसं जावं म्हणून मुद्दाम हरले असतील. पडद्यामागून सगळं ऐकलं होतं त्यांनी. दोनदा ऐकलेले शब्द कोण इसरतंय?” फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कौतुकाचं. “बघा हो,” म्हणाली, “असा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा न्हाई.”

माझ्या हातातली शब्दकोड्याची पेन्सिल खाली पडली. पद्माला वाटलं गोळीची वेळ झाली.

तिचं खरं होतं, आणि ते माझ्या आधी तिला कळलं, याचाच मला जास्त ताप झाला. पडद्यापलीकडे बसून त्यानं माझे शब्द मोजले होते. तीन. मग आपण दोन. एवढा साधा हिशेब, आणि मी आठवडाभर भाकरी कुस्करून खात होतो. संध्याकाळी तो आला तसं मी विचारलं, “काय रे, मुद्दाम केलंस?” तो नखातली हळद काढत बसला. पद्मा म्हणाली, “सांगा की भावजी, आता कळलंय सगळ्यांना.” तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि हायसं वाटल्यासारखा हसला. “दादाच्या पुढं जाऊन मला काय करायचं हाय,” म्हणाला. झालं. दोन दिवसांत कॉलनीभर गोष्ट फिरली. रामलक्ष्मणाची जोडी. त्याची बायको जनका फोनचं ऐकून घाबरली होती म्हणे, तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमच्याकडे शिरा पाठवला. तो शिरा मी खाल्ला नाही.

तेव्हापासून मला मागचं काही पहिल्यासारखं दिसेना. साखऱ्याच्या विहिरीत आम्ही बुड्या मारायचो, कोण जास्त वेळ खाली राहतो म्हणून. मी वर यायचो तेव्हा तो पायरीवर बसलेला असायचा, धापा टाकत, ओठ निळे, आणि म्हणायचा, दादा, तुमचा दम लई मोठा. साठ वर्षं मी तो दम छातीत बाळगला होता. आता खुर्चीत बसल्या बसल्या मला वाटायला लागलं की तो आधीच वर येऊन बसत असेल, आणि माझी चाहूल लागली की धापा टाकायला लागत असेल. कुस्तीत तो खाली पडायचा. तेही तसंच? पद्माला बघायला आम्ही दोघं गेलो होतो, तिच्या वडिलांनी दोघांनाही पसंत केलं होतं, आणि हा म्हणाला होता, आधी दादाचं. मग ही बाईसुद्धा त्यानं मला सोडली का, मागच्या पायरीवर बसून? आणि तिला हे माहीत आहे का? माझं म्हणून जे काही होतं त्याला त्याचा हात लागलेला दिसायला लागला. माणसाला हरवलं तर तो सूड घेऊ शकतो. जिंकू दिलं तर काय करायचं? मला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती मला माझ्या जिवाएवढी वाटायला लागली. एकदा, मरायच्या आधी एकदाच, त्यानं माझ्यासमोर जिवाच्या आकांतानं खेळावं. मग मी हरलो तरी चालेल. निदान ते माझं हरणं असेल.

सृष्टी महिन्यानं परत येणार होती. सगळ्यांचीच चाचणी ती दोनदा घेते, दोन्ही वेळा सारखीच मोजते का ते बघायला. मी तिला फोनवर सांगितलं, यावेळी आधी तो बसेल, मग मी. आणि मी समोर बसणार. ती म्हणाली, “काका, असं केलं तर तुमची जोडी मला अभ्यासात धरता यायची नाही.” मी म्हणालो, “नको धरू.” माझा आवाज आजारानं बसलाय, तिला दोनदा ऐकावं लागलं, पण ती तयार झाली. वैजनाथ मात्र टाळायला लागला. कधी हळद शिजवायला माणसं आलेली, कधी मोंढ्यात हळद विकायला जायचंय. एका दुपारी आला, म्हणाला, “दादा, शेजारच्या पोरीचं लग्न रविवारी हाय ना?” मी हो म्हणालो. पाणी प्याला, पिकाचं बोलला, आणि उठताना पुन्हा, “दादा, ते लग्न रविवारी हाय का?” माझं डोकं फिरलं. सृष्टीची विद्या हा माझ्यावर चालवून बघतोय, माझी आठवण तपासतोय, असं मला वाटलं. मी म्हणालो, “शुक्रवारी ती येणार. तू आधी बसायचं.”

“तुमच्या आधी म्या कसा बसू दादा?”

“मी सांगतो म्हणून.”

“सोडा की दादा,” तो म्हणाला. “काहून उगंच हट्ट करून राहिलाव. माझी परीक्षा नका घेऊ.” त्याच्या आवाजात काकुळत होती. मला ती नाटकी वाटली.

“थोरला म्हणून हुकूम करतोय,” मी म्हणालो. तेव्हा त्यानं मान खाली घातली. रीत त्याच्यावर उलटवताना मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी तो स्वच्छ सदरा घालून आला, हात घासून धुतलेले, तरी नखं पिवळी. सृष्टीनं नवीन पाच शब्द आणले होते. गुडघा, टोपी, सुतळी, पिंपळ, करडा. तिनं वाचले तसे त्यानं पाचही लगेच म्हणून दाखवले, ठणठणीत आवाजात, आणि माझ्याकडे पाहिलं. हं, मी मनात म्हणालो, आता ये. घड्याळाचा गोल त्यानं मोठा काढला. आकडे एका बाजूनं लिहीत गेला, सहापर्यंत आला आणि जागा संपली तसं उरलेले बाहेर लिहिले. सृष्टीनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. मला हसू आलं असतं, चेहरा असता तर. इतकंही वाईट काढायची गरज नव्हती, मास्तर माणूस, नाटक करायचं तर बेतानं करावं. मग तिनं शब्द विचारले.

“गुडघा,” तो म्हणाला. आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली. “भावजी, आता तर दादा मागं हैत. आता कुणासाठी लपवून राहिलाव?”

तोही हसला. “दादाच्या पुढं…” म्हणाला, आणि ते वाक्य त्यानं तसंच सोडलं.

पद्माला टेबलाच्या वरचं दिसत होतं. मी बाजूला बसलो होतो, मला खालचंही दिसत होतं. त्याच्या मांडीवर त्याचा डावा हात होता. अंगठा करंगळीवर टेकायचा, गुडघा, मग पुढच्या बोटावर जायचा, तिथं थांबायचा, आणि परत करंगळीवर यायचा. पुन्हा. पुन्हा. सदऱ्याची काखेतली शिवण घामानं काळी झाली होती. जो नाटक करतो त्याला उत्तर माहीत असतं, म्हणून आत कुठंतरी तो निवांत असतो. वैजनाथ कुठंच निवांत नव्हता. पाय जमिनीला चिकटतो आणि पुढचा पाय उचलावा कसा हेच आठवत नाही, तेव्हा माझ्या आत जे होतं ते मी त्याच्या तोंडावर बघत होतो, आणि त्याचं तोंड अजून सगळं दाखवणारं होतं.

म्हणजे पहिल्या वेळीही तो खरोखरच हरला होता. मी खराखुरा जिंकलो होतो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला हेच सुचलं, आणि छातीत काहीतरी गरम उसळलं. मग ते तसंच विझलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लपायला जागा करून दिली होती, आणि तो तिथं महिनाभर एकटा बसला होता.

“तुम्ही या काका,” सृष्टी म्हणाली. तो उठला, मी त्याच्या खुर्चीत बसलो. ती गरम होती. शब्द तिनं पुन्हा वाचून दाखवले, मधले हिशेब करून घेतले, माझं टिकलीएवढं घड्याळ पाहून घेतलं. तेवढ्यात मी ठरवलं होतं. मला पाचही येत होते. स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखे. पण मी एकच सांगणार होतो. गुडघा. मग पद्मा हसली असती, अहो, दोघंबी सारखेच म्हणाली असती, चहा झाला असता, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यासाठी मागच्या पायरीवर बसलो असतो. मला ते फार करावंसं वाटलं. तो माझ्याकडेच बघत होता, तोंडावर विनवणी होती, ती मला स्पष्ट वाचता येत होती. हरा दादा, असंच म्हणत होता. पण मग सगळ्यांनी पुन्हा रामलक्ष्मण म्हटलं असतं, आणि तो मोटरसायकलला किक मारून साखऱ्याला गेला असता, आणि एखाद्या दिवशी त्याला परतीचा रस्ता सापडला नसता.

“सांगा काका,” सृष्टी म्हणाली. “सावकाश.”

“गुडघा,” मी म्हणालो. “टोपी.” आवाज पोटातून ओढून काढावा लागत होता. “सुतळी.” स्वयंपाकघराच्या दारात भांडं वाजायचं थांबलं. पद्मा माझ्याकडे बघत होती, मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. तिची नजर त्याच्यावरच राहिली, माझ्याकडे परत आली नाही, आणि अशा वेळीही मला ते खुपलं. “पिंपळ.” वैजनाथ प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, धाकट्यानं हलवावी तशी. “करडा,” मी म्हणालो. त्यानं याही शब्दाला मान हलवली. पण त्याला तो शब्द आज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटत होता, हे मला दिसलं.

सृष्टीनं कागद उलटा केला.

“दादा पहिला आला,” वैजनाथ म्हणाला.

मी पद्माला हाक मारली. “उद्या नांदेडला जायचं,” मी म्हणालो. “माझ्याच डॉक्टरांकडं. जनकालाबी सांग. आणि तिथं गेल्यावर नंबर त्याचा आधी लाव.”

“तुमच्या आधी कसा दादा,” वैजनाथ म्हणाला.

“बस खाली,” मी म्हणालो, आणि तो बसला.